अट क्रमांक सात

३ फेब्रुवारी, सोमवार

क्षमा मागून सुरुवात करते. कोणाची ते ठरत नाही, वहीची की स्वतःची. शेवटची नोंद ऑगस्टमधली आहे आणि तिच्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, "उद्यापासून रोज निदान चार ओळी." पुढे साडेपाच महिने कोरी पानं. आजारी नव्हते, गावाला गेले नव्हते. दिवसभर दुसऱ्यांच्या आयुष्याचे अहवाल लिहून घरी आल्यावर स्वतःचा लिहायला हात वळत नव्हता, एवढंच खरं कारण.

आज मात्र लिहायलाच हवं. आज खटका कामावर आला.

खटका हे त्याचं खरं नाव नव्हे. तो कुलूपवाला. त्याने बसवलेलं कुलूप लागताना असा खणखणीत आवाज येतो की सगळी गल्ली त्याला याच नावाने हाक मारते. कोर्टाच्या कागदावर तो आरोपी क्रमांक दोन. क्रमांक एक म्हणजे एका निवृत्त शिक्षिकेचा भाचा; तो सध्या आत आहे. मावशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना त्याने खटक्याला घरी नेलं आणि सांगितलं, "घर आमचंच, किल्ली हरवलीय." खटक्याने दार उघडून दिलं. भाच्याने शिलाई मशीन, रेडिओ आणि चांदीची भांडी लांबवली.

खटक्याला आठ महिन्यांची कैद झाली असती. त्याऐवजी आरोग्य केंद्रात एकशेवीस तास काम, रोज सकाळी चार तास. हा आमच्या कोर्टातला नवा प्रयोग. मी परिवीक्षा अधिकारी, म्हणजे शिक्षा होऊनही बाहेर राहिलेल्यांवर नजर ठेवणारी. वीस वर्षं ही नजर म्हणजे महिन्यातून एकदा सही घेणं आणि "काय, बरं चाललंय ना?" विचारणं, एवढीच होती. आता एक परदेशी संस्था मदतीला आलीय. तिने प्रशिक्षण दिलं, फॉर्म दिले आणि एक सल्लागार पाठवले. छोट्या गुन्ह्याला तुरुंगाऐवजी वस्तीत काम, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्याशी समोरासमोर बोलणं, अशी कल्पना. सहा महिन्यांत दहा माणसं. पहिला खटका. तो घसरला तर काय, हे सल्लागार बोलत नाहीत. कोर्टातला कारकून रोज बोलतो, "मॅडम, गाशा गुंडाळायची तयारी ठेवा."

एकूण नऊ अटी आहेत. सातवी माझ्या हातची. समोरासमोरच्या बैठकीत त्या शिक्षिका (त्यांना सगळे बाईच म्हणतात) एकच गोष्ट मागत होत्या, "हा माणूस मला पुन्हा कुलपाजवळ दिसता कामा नये." मी त्याला कायद्याची भाषा दिली. "शिक्षेच्या काळात सदर व्यक्ती कोणतेही कुलूप उघडणार नाही, बसवणार नाही, दुरुस्त करणार नाही, तसेच त्याबाबत कोणास शिकवणार अथवा सूचना देणार नाही." एकही फट ठेवली नाही याचा तेव्हा मला अभिमान वाटला होता.

आज खटक्याने अटींचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "पाठ केलंय, मॅडम. सातवी तर झोपेतही म्हणून दाखवीन." दुकान बंद आहे. दुपारी तो छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करतो. त्याचे हात बघितले आणि वाटलं, हे मी काय केलं? मग वाटलं, असं वाटणंच चूक. बाईंचे हातही बघायला हवेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आरोग्य केंद्रात देखरेखीचं काम तिथल्या सिस्टरकडे आहे. अडतीस वर्षांच्या, एकट्या राहतात, बोलायला फटकळ. बाकं खरवडून रंगवण्याचं काम दिलंय. आजचा शेरा: "काम असमाधानकारक. बाक क्रमांक एक व दोन पुन्हा करावेत."

मी बाकं पाहिली. मला तरी बरी वाटली.

"सिस्टर, फार कडक नाही ना होत आपण?"

"ताई, तुम्ही लांबून बघताय. जवळून बघा, ब्रशचे फराटे दिसतायत. माणसाला शिस्त नको?" मग आतल्या बाजूला तोंड करून त्या ओरडल्या, "अहो खटका! चहा गार होतोय!"

शिस्त आणि चहा एकाच वेळी. प्रशिक्षणात याला संतुलित देखरेख म्हणतात. त्यांनी प्रशिक्षण घेतलेलं नाही, तरी जमतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संस्थेचा मासिक फॉर्म भरला. अकरा पानं. प्रश्न नऊ: "सहभागी व्यक्ती कामाच्या ठिकाणी कशी पोहोचते? रेल्वे, फेरीबोट, सायकल, इतर." खटका आरोग्य केंद्रासमोरच्या गल्लीत राहतो. "इतर" वर खूण करून लिहिलं, "रस्ता ओलांडून."

नवरा शेजारी टेबलावर कवळी घासत होता. तो दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवतो आणि जास्तीचं काम घरी आणतो. म्हणाला, "तुझे फॉर्म आणि माझ्या कवळ्या सारख्याच. दुसऱ्याच्या तोंडाचं माप घेऊन बनवलेल्या. घासल्याशिवाय बसत नाहीत."

प्रश्न चौदा: "अटीचा भंग झाल्यास थोडक्यात वर्णन करा." खाली तीन ओळी जागा. देव करो आणि ती कधी लागू नये.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चाळीस तास पूर्ण. बाकं क्रमांक एक ते चार तिसऱ्यांदा रंगवली गेली. आता त्यांच्यात आरशासारखं तोंड दिसतं. शुक्रवारपर्यंत शेरा तोच, असमाधानकारक.

माझी झोप उडाली. माणूस इतका राबतोय आणि शेरे असे. हे शेरे उद्या न्यायाधीश साहेबांसमोर जाणार. मी शुक्रवारी सिस्टरना म्हटलं, "तुमचं पटत नसेल तर मी याला वाचनालयात हलवते. तिथलेही रॅक रंगवायचेत."

सिस्टरच्या हातून थर्मामीटरचा ट्रेच निसटला. सुदैवाने फुटलं काही नाही. "हलवायचं कशाला? सुधारतोय तो. हळूहळू."

पुढच्याच शेऱ्यात "समाधानकारक" आलं. सौम्य दबावाचा उपयोग होतो म्हणायचा. आता लसींच्या खोलीतले रॅक रंगवायला दिलेत. खोलीला कुलूप असतं म्हणून सिस्टर पूर्ण वेळ तिथे उभ्या राहून लक्ष ठेवतात. चार तास उभं राहणं सोपं नाही. मी त्यांचे आभार मानले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाईंकडे गेले. दर पंधरा दिवसांनी जायचं, असं ठरलंय.

दाराशी एक लोखंडी पेटी आहे. पलंगाखालची. बाई रोज संध्याकाळी ती ओढत दाराला लावतात आणि सकाळी बाजूला सारतात. फरशीवर दोन पांढरे ओरखडे पडलेत, रेल्वेच्या रुळासारखे. आज दुपारचे चार वाजले होते तरी पेटी दारालाच होती. मी बेल वाजवल्यावर आतून ओढण्याचा आवाज आला आणि बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"भाचा नालायक आहे हे मला तो चौथीत होता तेव्हापासून माहीत होतं," बाई म्हणाल्या. "त्याचं नाही मला काही. पण ते कुलूप मी या खटक्याच्याच दुकानातून घेतलं होतं. त्यानेच बसवलं. 'बाई, आता निश्चिंत झोपा' म्हणाला होता. आणि त्यानेच दोन मिनिटांत उघडलं! दोन मिनिटांत. शेजारणीने घड्याळ लावून पाहिलं."

मी वही काढून लिहू लागले.

"आणि तुझे ते परदेशी पाहुणे. त्यांच्या देशातल्या कल्पनेची तालीम माझ्याच दारावर का गं?"

हा प्रश्न मी लिहून आणला. सल्लागार मंगळवारी येतायत, त्यांना विचारीन.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जसं घडलं तसं लिहिते.

सल्लागार दहाला येणार होते. मी सव्वानऊलाच आरोग्य केंद्रात पोहोचले. मंगळवार म्हणजे लसीकरणाचा दिवस. चाळीसेक आया बाळांना घेऊन रंगवलेल्या बाकांवर बसलेल्या. मला वाटलं, सल्लागारांना खटक्याने रंगवलेले रॅक दाखवावेत, आधी एकदा फडकं मारून घेऊ. सिस्टरकडून लसींच्या खोलीची किल्ली घेतली.

"ताई, जरा हळू हं. ते कुलूप रुसतं."

मी हळूच फिरवली. फिरली नाही. मग जरा जोर लावला. कट्. अर्धी किल्ली माझ्या हातात, अर्धी कुलपात.

सिस्टर म्हणाल्या, "तीन महिने वर लिहितेय मी, कुलूप बदला म्हणून! दुसरी किल्ली आहे माझ्याकडे, पण आत तुकडा अडकलाय. ती जाणार कशी?"

लसी आत. आया बाहेर. एक जण म्हणाली, दोन तास चालत आलेय, बाराची परतीची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नाही. पहिलं बाळ रडलं, त्याचं ऐकून दुसरं, मग सगळी बाकं रडायला लागली.

तेवढ्यात मागे रंगाचा डबा ठेवल्याचा आवाज आला. खटका. चाळीस आया, सिस्टर आणि मी, सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि भिंतीला टेकला.

"अट सात, मॅडम. माझ्याकडे बघूसुद्धा नका."

मी कोर्टात फोन लावला. कारकून म्हणाला, "साहेबांची सुनावणी चाललीय, एकच्या आधी उठायचे नाहीत. काय निरोप देऊ?"

"त्यांना सांगा, एका कुलपाच्या बाबतीत..."

"कसलं कुलूप?"

"राहू द्या."

याच मुहूर्तावर सल्लागार आले. साठी उलटलेला उंच माणूस, गुडघे दुखतात म्हणून दिसेल तिथे बसतो. आपली भाषा ते पुस्तकांतून शिकलेत. "आपली प्रकृती कुशल असावी," असं म्हणून दोन आयांच्या मध्ये बसले. एका बाळाने लगेच त्यांचा टाय धरला. मी परिस्थिती सांगितली. ते म्हणाले, "मी येथे केवळ निरीक्षक आहे." आणि टाय सोडवायचा प्रयत्न न करता बसून राहिले.

मग मी ते वाक्य बोलले. "खटका, तुम्ही हात लावू नका. सिस्टर करतील. तुम्ही नुसतं सांगा."

"तेही अटीत आहे, मॅडम. 'सूचना देणार नाही.'"

"माहितीय. मीच लिहिलंय. सांगा."

तो समोरच्या भिंतीपाशी तसाच उभा राहिला. डोळे मिटले. "सिस्टर, किल्ली अर्धी फिरलीय का सरळ उभी आहे?"

"थोडी तिरकी."

"सुरीच्या टोकाने सरळ करा. तिरकी असली तर जन्मात निघायची नाही. झाली? आता तेल. दोन थेंब."

"तेल कुठलं इथे? पॅराफिन आहे."

"चालेल. तिसरा थेंब नाही टाकायचा. आता दोन बारीक सुया. एक वरून, एक खालून, किल्लीच्या दातांना धरून. ढोसायचं नाही. परवा सांगितलं होतं ना, तसं..."

आणि तो एकदम गप्प झाला. सिस्टरही गप्प. (परवा काय सांगितलं होतं, ते विचारायचं राहिलं. बहुधा रंगाबद्दल काही.)

"हलतंय," सिस्टर कुजबुजल्या.

"हलू द्या. तुम्ही नका हलू. श्वास सोडा. आता दोन्ही सुया एकदम, स्वतःकडे."

तुकडा टुणकन फरशीवर पडला. दुसरी किल्ली गेली, फिरली. अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होते, सवयीने. आयांनी टाळ्या वाजवल्या. खटक्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. सिस्टरनी कापसाच्या बोळ्याने त्याच्या कपाळाचा घाम टिपला. नर्सिंगची सवय.

पावणेदहाचं लसीकरण सव्वादहाला सुरू झालं. कोणीही परत गेलं नाही.

आणि अट सात मोडली. माझ्या सांगण्यावरून, माझ्या डोळ्यांदेखत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

अट मोडली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं, असा नियम. तो प्रशिक्षणात मीच बाकीच्यांना समजावून सांगितला होता.

नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, "अगं, कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"तू सोडून."

"मी सोडून कसं? बघायला मीच नेमलेली ना?"

"मग लिही, 'अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून'. प्रकरण मिटलं."

"अटी अधिकारी बदलू शकत नाही. फक्त कोर्ट. म्हणजे मी त्याला आठ महिन्यांच्या दारात नेऊन उभं केलं."

तो उठला आणि माझ्यापुढे चहाचा कप ठेवून गेला. साखर विसरला होता. मलाही ते अर्धा कप संपल्यावर कळलं.

कचेरीत सल्लागार आले. मी फॉर्मच्या तीन ओळी दाखवल्या: "दि. २५ रोजी अट क्र. ७ चा भंग. सहभागी व्यक्तीने कुलपाबाबत सूचना दिल्या. पुढील आदेश व्हावेत."

त्यांनी वाचलं. चष्मा काढला. "हे सत्य आहे?"

"शब्दन् शब्द."

"मीही एकदा अशाच तीन ओळी लिहिल्या होत्या. आमच्या नगरात. एक युवक बारा मिनिटे विलंबाने आला. मी लिहिले, बारा मिनिटे विलंब. शब्दन् शब्द सत्य. तो एक वर्ष आत गेला. त्याची आई जिन्यावरून पडली होती, हे मला ठाऊक होते. परंतु त्यासाठी ओळ नव्हती." ते उठले, गुडघा धरून. "आपण जे पाहिले ते लिहावे. परंतु सर्व लिहावे."

जाता जाता मी बाईंचा प्रश्न विचारला, तुमच्या कल्पनेची तालीम आमच्या दारावर का. ते म्हणाले, "कल्पना आमची नाही. आम्हीही इतरांकडून आणली. आणि प्रथम तीन वर्षे चुकीची वापरली." एवढं सांगून गेले. समाधान झालं नाही, पण राग गेला.

नऊ पानं लिहिली. तुटलेली किल्ली, माझा जोर, आया, दोन तासांची चाल, रडणं, माझं वाक्य, पॅराफिन, सुया, मिटलेले डोळे, कापसाचा बोळा. काही गाळलं नाही. सहा वाजता कारकुनाकडे दिली. त्याने वजन केल्यासारखी हातावर तोलली. "मॅडम, हा अहवाल आहे की कादंबरी?"

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सुनावणी अकरा मार्चला. तोवर काम चालू.

खटक्याला मीच सांगितलं. वाटलं, चिडेल. तो ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून म्हणाला, "लिहायलाच हवं होतं, मॅडम. त्या दिवशी बाईंच्या दारात मला शंका आली होती. भाच्याचे डोळे सारखे जिन्याकडे. पण त्याने चहा मागवला, गोड बोलला, मी म्हटलं, कशाला विचारा. विचारलं असतं तर इथे नसतो."

सिस्टर माझ्याशी बोलत नाहीत. आज फक्त एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्ही माणूस नाही, दगड आहात." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. डोळे लाल होते. एका सहभागी व्यक्तीसाठी एवढी तळमळ मी कोणत्याच देखरेख करणाऱ्यात पाहिलेली नाही.

दगड. कदाचित असेनही.

५ मार्च, बुधवार

खटक्याने आपलं मांजर सिस्टरकडे ठेवायला दिलं. "न जाणो, मंगळवारी थेट आतच पाठवलं तर." सिस्टरना मांजराने शिंका येतात, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. आज त्या दिवसभर शिंकत होत्या आणि मांजर खिडकीत बसलं होतं. परोपकाराला सीमा नाही.

आत छत्र्या दुरुस्त करू देतात का, त्याने विचारलं. चौकशी केली. देत नाहीत.

ज्या माणसाला बाहेर ठेवायला मला नेमलंय, त्याने आत काय न्यावं याची यादी मी करून देत होते. दोन टॉवेल, चष्मा, एक वही.

११ मार्च, मंगळवार

सगळं लिहायला हवं. सर्व लिहावे.

साहेब निवृत्तीला आलेत, तोंडात सतत पेपरमिंटची गोळी. नऊ पानं त्यांच्यासमोर. बाईंनाही बोलावलं होतं. पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. सल्लागार भिंतीपाशी. सिस्टर मागे, हातात रुमाल.

साहेबांनी अहवाल मोठ्याने वाचायला घेतला. मला वाटलं, दोन-चार ओळी वाचतील. पार शेवटापर्यंत वाचला. "'परवा सांगितलं होतं ना, तसं, एवढे बोलून सहभागी व्यक्ती गप्प झाली. देखरेख करणाऱ्या सिस्टरही गप्प झाल्या. संदर्भ बहुधा रंगकामाचा असावा.'" कोर्टात खसखस पिकली. "'सिस्टरनी कापसाने सहभागी व्यक्तीचे कपाळ पुसले. वैद्यकीय कारणास्तव असावे.'" साहेबांना ठसका लागला, पेपरमिंट बाहेर आली. माझ्या अहवालात हसण्यासारखं काय आहे, मला कळेना. सिस्टर मात्र कानापर्यंत लाल झाल्या होत्या. अपमान वाटला असावा. माझीच चूक, एवढे बारकावे लिहायला नको होते.

मग साहेब गंभीर झाले. "अट मोडलीय. सांगणारा अधिकारी असला तरी मोडलीच. ही अट कोणाच्या म्हणण्यावरून आली? बाई, तुम्हाला काही विचारायचंय याला?"

बाई उठल्या. वर्गात उठतात तशा, सगळे गप्प होईपर्यंत थांबल्या.

"त्या खोलीच्या कुलपाला किती वेळ लागला?"

"अकरा मिनिटं, बाई."

"आणि माझ्या?"

खटका खाली बघत होता. "दोन."

"का?"

आता तो गप्प बसेल असं मला वाटलं. त्याने मान वर केली. "तुम्ही हलकं कुलूप उचललं होतं, बाई. कोणालाही दोन मिनिटांत उघडेल असं. मला माहीत होतं. ते खूप दिवस खपत नव्हतं, म्हणून बोललो नाही. वर म्हटलं, निश्चिंत झोपा." "दार उघडलं तो गुन्हा कागदावर आहे. हा कुठेच नाही. मी सांगायला हवं होतं."

माझ्या फायलीत हे नव्हतं. चौकशीत नव्हतं, समोरासमोरच्या बैठकीत नव्हतं. मी नऊ पानं लिहिली आणि मूळ गोष्टच माझ्याकडे नव्हती.

मला बाईंचे हात दिसत होते. पिशवीच्या बंदाला पीळ देत होते, मग थांबले.

"मग आता चांगलं बसव," त्या म्हणाल्या. "अकरा मिनिटांचंही नको. तुला स्वतःला उघडायला अर्धा दिवस लागेल असं. आणि बसवताना मी शेजारी खुर्ची टाकून बसणार. प्रत्येक स्क्रू का आणि कशाला, ते मला सांगायचं."

साहेबांनी पेन उचललं. अट सात कायम. अपवाद, बाईंचं दार. शेवटचे चार तास तिथे. अधिकाऱ्याने हजर राहायचं. तुरुंग नाही. "आणि मॅडम," ते माझ्याकडे वळले, "यापुढेही सगळं लिहीत चला. या कोर्टात इतकं आवडीने मी काही वाचलेलं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर जिन्यात सल्लागार म्हणाले, फॉर्मच्या तीन ओळी ते काढून टाकणार. त्या जागी एक पूर्ण कोरं पान, वर फक्त "आपण आणखी काय पाहिले?" ही सुधारणा ते स्वतःच्या देशातही नेणार आहेत. "मदत उलट दिशेनेही होते," म्हणाले, आणि या वेळी त्यांचं वाक्य पुस्तकातलं वाटलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

एकशेसोळा तास पूर्ण. उद्या सकाळी नऊ ते एक, बाईंचं दार. कुलूप आलंय, वीटभर वजन आहे.

सिस्टरचा फोन आला. पुन्हा बोलायला लागल्यात, बरं वाटलं. उद्या त्यांची सुट्टी आहे, त्याही येणार म्हणतात. "लोखंडाचं काम, ताई. कोणाला लागलं-बिगलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन नको?" किती जबाबदार बाई. मांजराबद्दल विचारलं, परत कधी देणार? म्हणाल्या, "आता काय द्यायचं. सवय झाली."

बाईंना कळवलं, चौघं होऊ. त्यांनी सिस्टरचं वय विचारलं, मग खटक्याचं, आणि म्हणाल्या, "बरं. मग त्या दोघांच्या खुर्च्या जवळ मांडते." का, ते विचारलं तर हसल्या. बाईंना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

हे सगळं नवऱ्याला सांगितलं. हातातली कवळी बाजूला ठेवून तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू नऊ पानं लिहिलीस. आता एकदा वाच."

वाचली. दोनदा. बाक एक ते चार, तिसऱ्यांदा. चार तास उभं राहणं. परवा सांगितलं होतं तसं. मांजर.

अरे देवा.

सहभागी व्यक्ती आणि देखरेख करणारी व्यक्ती यांच्यात असे संबंध असावेत की नसावेत, याबद्दल नऊ अटींत एक शब्द नाही. दहावी लिहावी का? पेन हातात घेतलं होतं. परत ठेवलं. उद्या दुपारी एक वाजता तास संपतात. त्यानंतर माझी नजर संपते.

उद्या: बाईंची पेटी दाराजवळून पलंगाखाली ठेवायची. (दोघांनी उचलून. ओढायची नाही.)